मागच्या चाकाची कॅसेट घरी बदलायची तर कोणती हत्यारे लागतात?

मुलुंडच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा आहे. (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच.) त्यांच्या मागे आठ गिअर असलेल्या हायब्रिड सायकलीची चेन ऐरोलीच्या पुलाचा चढ उभे राहून चढताना दाते सोडून घसरते. जवळच्या दुकानदाराने ‘मागची कॅसेट गेली, छिन्नी-हातोडीने काढून देतो’ असे सांगितल्यामुळे ते धास्तावले आहेत आणि हे काम घरीच करावे असे त्यांच्या मनात आहे. घर मात्र दुसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे, आणि घरात शिकंजा वगैरे काही नाही. कमीत कमी कोणती हत्यारे घ्यावी लागतील, आणि ऑनलाइन मिळणारी चाळीस-पन्नास हत्यारांची पेटी घेतली तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

खास या कामासाठी म्हणून लागणारी हत्यारे दोनच आहेत. एक, लॉकरिंग म्हणजे कॅसेट आवळून धरणारी कडी सोडवण्याचा खाचांचा सॉकेट, ज्याला दुकानात कॅसेट रिमूव्हर म्हणतात. आणि दुसरे, चकत्या जागच्या जागी धरून ठेवणारी चेन व्हिप. यांच्या जोडीला लांब दांड्याचा एक पाना, चेनची पिन काढणारा चेन ब्रेकर आणि स्टीलची फूटपट्टी असली की काम होते. यांतली चेन व्हिप जुन्या चेनपासून तयार करता येते आणि पाना बऱ्याच घरांत असतोच, तेव्हा हात सैल सोडायचा तो रिमूव्हर घेताना. पेटी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे ओघात येतील.

छिन्नीबद्दल आधी सांगतो, कारण ती पद्धत अजून अनेक दुकानांत चालते. कॅसेटचे लॉकरिंग म्हणजे आतून खाचा असलेली, बाहेरून आटे असलेली एक पातळ कडी. ती फ्रीहबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबवरचा जो भाग एकाच दिशेने मोकळा फिरतो आणि ज्यावर चकत्या बसतात त्याच्या, तोंडाशी आट्यांवर बसते. छिन्नी खाचेत टेकवून हातोडी मारली की खाच तुटते, कडी वाकडी होते आणि ती तशीच वाकडी फिरत बाहेर येताना फ्रीहबचे आटे खरवडते. लॉकरिंग नव्या कॅसेटबरोबर नवे येते, त्यामुळे ते गेल्याचे दुःख नाही. पण फ्रीहबचे आटे गेले, तर फ्रीहब बदलावा लागतो आणि तुमच्या हबला बसणारा फ्रीहब सुटा मिळेलच याची खात्री देता येत नाही. शिवाय छिन्नी घसरली तर ती स्पोकवर जाते. दुकानदाराच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. एकेरी फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागे एकच चकती असलेल्या बिनगिअरच्या सायकलींवर ज्यांचा हात बसला, त्यांच्यापैकी अनेकांना छिन्नीचीच सवय असते.

आता सर्वांत आधी वापरायचे हत्यार, फूटपट्टी. कॅसेट बदलायची की नाही हे तिच्यावर ठरते, म्हणून रिमूव्हर मागवण्याआधी ती हातात घ्यावी. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते. त्यामुळे नव्या चेनच्या २४ कड्या मोजल्या तर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी भरतात. चेन ताणली गेली असे आपण म्हणतो, पण पोलाद काही लांबत नाही. पिना आणि त्या ज्या भोकांत फिरतात ती भोके झिजतात आणि प्रत्येक कडीचा हा किंचित ढिलेपणा एकत्र होऊन लांबी वाढते. चेन सायकलवर असतानाच खालची बाजू ताणून धरावी, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावा आणि चोविसावी कडी कुठे संपते ते पाहावे. आठ, नऊ किंवा दहा गिअरच्या चेनमध्ये ही वाढ पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटरपर्यंत गेली की चेन बदलावी. अकरा-बारा गिअरच्या चेनमध्ये अर्ध्या टक्क्यालाच, म्हणजे दीड मिलिमीटरलाच बदलावी. एवढ्यावर पकडले तर बहुतेक वेळा फक्त चेन बदलून भागते आणि कॅसेट वाचते. वाढ एक टक्क्यापलीकडे, म्हणजे तीन मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर त्या चेनने चकत्यांचे दातेही आपल्या मापाचे करून ठेवलेले असतात. अशा वेळी नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरते आणि जुनी चेन नव्या कॅसेटला खाते, म्हणून दोन्ही एकदमच बदलावी लागतात. यासाठी चेन चेकर नावाचे वेगळे हत्यार मिळते. ते सोयीचे आहे, पण पट्टी वाचता येणाऱ्याला त्याची गरज नाही.

मुंबईत सायकल चालवणाऱ्यांच्या कॅसेटची झीज बहुधा एकसारखी नसते. शहर मोठ्या प्रमाणात सपाट, चढ म्हणजे उड्डाणपूल आणि खाडीपूल. त्यामुळे मधल्या दोन-तीन चकत्यांवरच सगळा प्रवास होतो आणि दोन्ही टोकांच्या चकत्या जवळजवळ नव्या राहतात. चेन नेमकी नेहमीच्या गिअरमध्ये, जोर लावल्यावरच घसरत असेल आणि क्वचित वापरातल्या गिअरमध्ये घसरत नसेल, तर दोष कॅसेटचा आहे असे धरायला हरकत नाही. सगळ्याच गिअरमध्ये अधूनमधून अडखळत असेल, तर मात्र आधी चेनची एखादी आखडलेली कडी शोधावी आणि गिअरची केबल तपासावी.

यानंतरचा टप्पा बहुतेक लोक वगळतात आणि चुकीचे हत्यार घरी आणतात. मागच्या चाकावर जे आहे ते कॅसेट आहे की फ्रीव्हील, हे नक्की करावे. फ्रीव्हीलमध्ये चकत्या आणि मागे फिरण्याची यंत्रणा हे एकच एकसंध अंग असते आणि ते अख्खे हबच्या आट्यांवर पिळून बसवलेले असते. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबच्याच अंगात राहते आणि चकत्या तिच्या खाचांवर सरकवून, तोंडाशी लॉकरिंग लावून आवळलेल्या असतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सहा आणि सात गिअरच्या बहुतांश सायकलींना फ्रीव्हील असते आणि आठच्या पुढे साधारणपणे कॅसेट असते. पण सात गिअरची कॅसेटही मिळते आणि स्वस्त सायकलींवर आठ गिअरचे फ्रीव्हीलही आढळते, म्हणून गिअर मोजून निष्कर्ष काढू नये. चाक काढून हातात घ्यावे, चकत्या उलट्या फिरवाव्या आणि सगळ्यात लहान चकतीच्या आतल्या खाचांच्या कडीकडे पाहावे. ती कडी चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील. कॅसेटच्या लॉकरिंगवर बहुधा ‘लॉक’ हा शब्द, बाण आणि ४० न्यूटन-मीटर हा आवळण्याच्या जोराचा आकडाही कोरलेला असतो.

या दोन्हींचे रिमूव्हर दिसायला सख्खे भाऊ वाटतात. शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या फ्रीव्हीलचा रिमूव्हर बारा खाचांचा, कॅसेटचाही बारा खाचांचाच, आणि व्यासही जवळजवळ तितकाच. तरी एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये. थोडासा सैल बसलेला रिमूव्हर पूर्ण जोर लावल्यावर निसटतो आणि खाचांची धार मारून टाकतो. दुकानात मागताना ‘शिमानो कॅसेटचा’ किंवा ‘शिमानो फ्रीव्हीलचा’ असे पूर्ण नाव घ्यावे. शिमानोचा कॅसेटसाठीचा रिमूव्हर टीएल-एलआर १५ या नावाने येतो. पार्क टूल या कंपनीचा एफआर-५.२ या नावाचा आहे. स्रॅम कंपनीच्या कॅसेटनाही हाच चालतो. नव्या बारा गिअरच्या सायकलींत फ्रीहबचे प्रकार बदलले आहेत, पण लॉकरिंगच्या खाचा त्याच राहिल्या, ही ग्राहकाच्या दृष्टीने मोठी सोय म्हणायची. कँपाग्नोलो कंपनीच्या खाचा वेगळ्या असतात. ती सायकल ज्यांच्याकडे आहे त्यांना हे बहुधा आधीच ठाऊक असते.

रिमूव्हर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे खाचांच्या कडा धारदार आणि पूर्ण उंचीच्या आहेत का. स्वस्त ओतीव रिमूव्हरच्या कडा गोलसर असतात आणि पेटीतून येणारा बहुधा याच जातीचा असतो. दुसरी म्हणजे मधे पिन आहे का. पिन असलेला रिमूव्हर क्विक रिलीजच्या (खटका उघडून चाक काढायच्या) पोकळ ॲक्सलमध्ये, म्हणजे चाकाच्या आसात शिरून सरळ राहतो आणि तिरका होत नाही, म्हणून क्विक रिलीजवाल्यांनी तोच घ्यावा. तिसरी म्हणजे थ्रू ॲक्सल (आरपार जाऊन फ्रेमला आवळला जाणारा जाड आस) किंवा नटाचा ॲक्सल असेल तर रिमूव्हर मधून पुरेसा पोकळ हवा, नाहीतर तो ॲक्सलच्या टोकाला अडतो आणि खाचांत अर्धाच बसतो. सायकल नेमकी कोणती ते दुकानदाराला सांगितले तर तो योग्य प्रकार काढून देईल. शक्य असल्यास चाकच सोबत न्यावे. दांडा जोडलेला रिमूव्हरही मिळतो. दिसायला आकर्षक असला तरी मी साधा, षटकोनी डोक्याचा पसंत करतो. गंज धरलेल्या लॉकरिंगसाठी त्याला हवा तेवढा लांब पाना लावता येतो आणि वेळ पडली तर कोणाच्याही शिकंजात पकडता येतो.

पान्याविषयी. या षटकोनी डोक्याचे माप कंपनीप्रमाणे बदलते, कुठे २४ मिमी तर कुठे एक इंच, म्हणून घरगुती वापरासाठी १० किंवा १२ इंची ॲडजस्टेबल पाना सगळ्यात सोयीचा. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला गेलात तर अशा पान्यांनी भरलेली दुकानेच्या दुकाने दिसतील. तापडियाचा साधा पाना आयुष्यभर पुरतो. घेताना जबडा उघडून बोटाने हलवून पाहावा. हलता जबडा डुगडुगत असेल तर तो डोके गोल करणार हे नक्की. वापरताना जास्तीचा भार नेहमी स्थिर जबड्यावर येईल अशा बेताने पाना लावावा. घरात नळाच्या कामाचा पाईप पाना असेल, तर तो मात्र लांब ठेवावा. त्याचे दात रिमूव्हरच्या डोक्याला चावे घेतात.

आता चेन व्हिप. ती कशासाठी लागते हे समजले की ती कशी असावी हेही कळते. लॉकरिंग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटते आणि नेमक्या त्याच दिशेने फ्रीहब मोकळा फिरतो. त्यामुळे पान्याने लॉकरिंग फिरवू गेले की ते सुटत नाही, अख्खी कॅसेट खडखड करत त्याच्यासोबत फिरते. चेन व्हिप एका चकतीला धरून तिला उलटे फिरू देत नाही, एवढेच तिचे काम. म्हणजे एका पट्टीला चेनचे दोन तुकडे जोडलेले हवेत, एक लांब आणि एक आखूड. लांब तुकडा चकतीभोवती गुंडाळायचा आणि आखूड तुकडा दांड्याच्या टोकाजवळ दात्यांत अडकवायचा.

विकत घेतलेल्या व्हिपची एक अडचण म्हणजे चेनची रुंदी. आठ गिअरची चेन बाहेरून साधारण सात मिलिमीटर रुंद असते, अकरा गिअरची साडेपाचच्या आसपास; त्यामुळे जाड चेनची व्हिप अकरा-बारा गिअरच्या दाट चकत्यांमध्ये नीट उतरत नाही. घरी केलेल्या व्हिपला ही अडचण येत नाही, कारण जी चेन तुम्ही आज उतरवणार आहात तिची रुंदी तुमच्या कॅसेटला बरोबर जुळणारीच असते, आणि झिजलेली असली तरी धरून ठेवण्याच्या कामाला ती भरपूर मजबूत असते. ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद आणि ३०–३५ सेंमी लांब लोखंडी पट्टी घ्यावी. कोणताही फॅब्रिकेशनवाला ती कापून, कडा घासून, टोकाला एक आणि तिथून पाच-सहा सेंटिमीटर मागे एक अशी दोन ४ मिमी भोके पाडून देतो. टोकाच्या भोकाला सुमारे १८ कड्यांचा लांब तुकडा जोडायचा आणि मागच्या भोकाला तीन-चार कड्यांचा आखूड. चेनची बाहेरची कडी पट्टीच्या दोन्ही बाजूंना बसते आणि चेन ब्रेकरने अर्धी बाहेर काढलेली तिचीच पिन भोकातून परत दाबून बसवता येते. दांड्याला जुनी आतली ट्यूब गुंडाळली की तळहाताला कडा लागत नाहीत. दोरीने बांधलेली चेन, फडके गुंडाळून धरलेल्या चकत्या, स्पोकमध्ये खुपसलेला स्क्रू ड्रायव्हर असले उपाय मात्र मुळीच करू नयेत; लॉकरिंग अचानक सुटते तेव्हा बोटे थेट दात्यांवर आपटतात. याच कारणासाठी हातात जाड कापडी किंवा चामडी मोजे घालावेत.

काढण्याची कृती अशी. गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणून चाक काढावे. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबला जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवावा. चाक जमिनीवर उभे करून भिंतीला किंवा मांडीला टेकवावे, कॅसेट आपल्या तोंडासमोर. पिन नसलेला रिमूव्हर असेल तर क्विक रिलीजचा दांडा रिमूव्हरमधून आरपार घालून नट बोटांनी हलका आवळावा, म्हणजे जोर लावताना रिमूव्हर खाचांतून उडणार नाही. नटाच्या ॲक्सलवर हेच काम ॲक्सलचा नट करतो. चेन व्हिप मोठ्यांपैकी दुसऱ्या किंवा तिसऱ्या चकतीवर लावावी. दांडा उजवीकडे, लांब चेन दांड्याकडून निघून चकतीच्या माथ्यावरून डावीकडे खाली उतरलेली. पाना डावीकडे, साधारण त्याच उंचीवर. आता दोन्ही दांडे एकाच वेळी सरळ खाली दाबायचे. दोन्ही हातांचा जोर खालीच जात असल्याने चाक जागचे हलत नाही आणि शरीराचे वजन वापरता येते. लॉकरिंगच्या पाठीवर आणि लहान चकतीच्या तोंडावर बारीक दातऱ्या असतात, त्यामुळे ते सुटताना करकर असा मोठा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस काहीतरी तुटले म्हणून हात काढून घेतो. तसे काही नसते. एवढी पाव फेरी झाली की क्विक रिलीजचा नट लगेच सैल करावा, कारण लॉकरिंगला बाहेर यायला जागा लागते आणि दांडा आवळलेला राहिला तर आट्यांवर ताण येतो. पुढे रिमूव्हर हातानेच फिरतो.

आपल्या शहरात हे पहिले करकर बऱ्याचदा सहजी येत नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि उड्डाणपुलाखाली साचलेल्या पाण्यातून गेलेले चाक, या सगळ्यांमुळे लॉकरिंग आणि फ्रीहब एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी दांड्याला पाईप लावून जोर वाढवण्याआधी आट्यांच्या कडेला गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडावेत, चाक कॅसेट वर करून रात्रभर आडवे ठेवावे आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करावा. फवारा मारू नये. ते तेल फ्रीहबच्या आत गेले तर तिथले वंगण धुऊन टाकते आणि पुढे कुत्रे अडकू लागतात. कुत्रे म्हणजे आतल्या त्या छोट्या खिट्ट्या, ज्यांचा टकटक आवाज पेडल थांबवल्यावर ऐकू येतो.

लॉकरिंग निघाल्यावर वरच्या दोन-तीन चकत्या सुट्या येतात आणि त्यांच्यामध्ये स्पेसर नावाच्या पातळ रिंगा असतात. त्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवाव्यात, निदान नवी कॅसेट बसेपर्यंत. नव्या कॅसेटच्या रिंगांबद्दल शंका आली तर पडताळायला जुनी रचना समोर राहते. फ्रीहब ॲल्युमिनियमचा असेल तर मोठ्या चकत्या त्याच्या खाचांच्या कडेत रुतून बसलेल्या असतात. लाकडी ठोकळा मागून टेकवून, चाक फिरवत, सगळ्या बाजूंनी हलके ठोकत त्या बाहेर आणाव्यात. रुतल्याने उभ्या राहिलेल्या कडा बारीक चपट्या कानशीने फक्त पृष्ठभागाच्या पातळीपर्यंत घासाव्यात. खाच खोल करू नये. सफाईसाठी जुना टूथब्रश, फडके आणि थोडे डिझेल पुरते. पेट्रोल बंद घरात वापरू नये.

नवी कॅसेट चढवण्याआधी फ्रीहबवर ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. मुंबईच्या हवेत हा थर वगळला, तर पुढच्या वेळी रात्रभर तेल सोडून वाट पाहण्याची वेळ पुन्हा येते. फ्रीहबच्या खाचांपैकी एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते आणि चकत्यांवरही तिची जोडीदार असते, म्हणून चकती चुकीच्या कोनात बसूच शकत नाही. बसत नसेल तर ढकलू नये, फिरवून पाहावी. दात्यांची संख्या कोरलेली बाजू बाहेर राहते. स्पेसरचा प्रश्न फक्त कॅसेट आणि फ्रीहब वेगवेगळ्या पिढीचे असतील तेव्हा येतो. अकरा गिअरच्या रोड फ्रीहबवर आठ, नऊ किंवा दहा गिअरची कॅसेट लावायची तर १.८५ मिमीचा स्पेसर आधी घालावा लागतो. सात गिअरची कॅसेट आठ-नऊ-दहा गिअरच्या फ्रीहबवर लावताना ४.५ मिमीचा. प्रश्नकर्त्यांनी आठच्या जागी आठच घेतल्यास त्यांना यात पडावे लागणार नाही. सगळ्या चकत्या बसल्यावर लॉकरिंग लावण्याआधी त्या बोटाने हलवून पाहाव्यात, आणि आवळल्यानंतर पुन्हा. आवळल्यावरही चकत्या खुळखुळत असतील तर एखादा स्पेसर राहिला आहे.

लॉकरिंग आवळताना चेन व्हिप लागत नाही, कारण त्या दिशेला फ्रीहब स्वतःच अडतो. सुरुवातीच्या फेऱ्या हातानेच द्याव्यात. तिरके धरलेले लॉकरिंग पान्याने फिरवले की आटे गेलेच म्हणून समजावे. शेवटचा जोर ४० न्यूटन-मीटर असावा, आणि शिमानो ३० ते ५० चा टप्पा देते. जोर मोजणारा टॉर्क पाना असेल तर उत्तम, पण केवळ या एका कामासाठी तो घ्यावा असे मी म्हणणार नाही. तळहात रिमूव्हरच्या मध्यापासून २५ सेंमीवर येत असेल, तर ४० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १६ किलोंचा दाब होतो. घरात सामान तोलायचा हुकवाला काटा असेल तर तो पान्याच्या दांड्याला अडकवून, दांड्याशी काटकोनात ओढून हा आकडा प्रत्यक्ष बघता येतो. एकदा हाताला तो अंदाज आला की काट्याची गरज राहत नाही. शेवटी दातऱ्यांची ती करकर पुन्हा ऐकू येते. ती येईपर्यंत आवळणे अपुरे आहे असे समजावे.

चेनसाठी ब्रेकर लागतोच. स्वस्त ब्रेकरची पिन वाकते, म्हणून पिन बदलता येईल असा घ्यावा. नवी चेन क्विक लिंकवाली, म्हणजे हाताने जोडता येणाऱ्या कडीची घेतल्यास जोडण्यासाठी वेगळे हत्यार लागत नाही. लिंक माथ्यावरच्या बाजूला आणून, मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर दिला की ती खट्कन बसते. लांबी जुन्या चेनच्या कड्या मोजून ठरवावी. मोठ्या चकतीची कॅसेट घेतली असेल तर पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) वगळून, चेन गुंडाळावी आणि जिथे टोके भेटतात त्यापुढे दोन पिना, म्हणजे एक इंच जास्त ठेवावे. मात्र मोठी चकती घेण्याआधी आपला डिरेलर जास्तीत जास्त किती दात्यांपर्यंत चालतो हे पाहून घ्यावे. ११ ते ३२ दात्यांच्या कॅसेटच्या जागी हौसेने ११ ते ४२ ची घेणाऱ्यांची पुढची खरेदी बहुधा डिरेलरचीच असते.

प्रश्नकर्त्यांच्या चाकाला फ्रीव्हील निघाले तर वरचे बरेचसे बाद होते. चेन व्हिप लागत नाही, कारण रिमूव्हर फ्रीव्हीलच्या आतल्या, आट्यांवरच्या अंगालाच धरतो. पण तुम्ही मारलेल्या प्रत्येक पेडलने ते अधिकच आवळलेले असते आणि ॲडजस्टेबल पान्याने ते सुटेल याची खात्री नसते. इथे शिकंजा हवा, आणि तो विकत घेण्याची गरज नाही. रिमूव्हर आणि चाक घेऊन जवळच्या लेथच्या किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात जावे, रिमूव्हर तोंड वर करून शिकंजात पकडायला सांगावे, त्यावर चाक ठेवावे आणि टायर दोन्ही हातांनी धरून बेस्टच्या बसचे स्टिअरिंग वळवावे तसे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावे. चाकाची त्रिज्याच लांब दांड्याचे काम करते आणि फारसा घाम न गाळता फ्रीव्हील सुटते. नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावून हाताने आवळले तरी पुरते. बाकी पेडल करते.

पेटीबद्दल एवढेच, की तिच्यातली निम्मी हत्यारे तुमच्या सायकलीला बसत नाहीत आणि ज्या दोन हत्यारांसाठी ती घ्यायची तीच दोन त्यात हलकी असतात. त्या पैशांत चांगला रिमूव्हर, चांगला पाना, चेन ब्रेकर आणि ॲलन की चा एक चांगला संच येतो. ॲलन की गिअर लावताना लागेल. तितक्याच दात्यांची कॅसेट परत बसवली असेल तर डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकावा हे ठरवणारे त्याचे दोन मर्यादा स्क्रू सहसा हलवावे लागत नाहीत आणि केबलचा ताण बोटांनी फिरवायच्या ॲडजस्टरने जुळतो. कॅसेट मोठी घेतली असेल तर डिरेलरच्या मागचा तिसरा स्क्रू फिरवून वरची पुली आणि सर्वांत मोठी चकती यांच्यात पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवावे. स्क्रू ड्रायव्हर दोन नंबरचा फुलीचा आणि केबल सोडायची वेळ आली तर ५ मिमीची ॲलन की, याखेरीज इथे काही लागत नाही. पहिली फेरी इमारतीच्या आवारातच, सगळे गिअर एकेक करून बदलत मारावी आणि ऐरोलीचा पूल त्यानंतर.